पुनर्वसन इमारतीतील ज्येष्ठांसाठी काय सुरू करावे: नऊ वर्षांच्या अनुभवातून

आपला प्रश्न असा आहे की, झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील आपल्या इमारतीत साठी ओलांडलेले तीसेक रहिवासी आहेत, बहुतेक जण दिवसभर घरातच बसून असतात, सोसायटीकडे पैसा नाही आणि दोनदा ठेवलेल्या योगवर्गाला चारच जण आले. तर आता काय करावे? मुंबईच्या पूर्व उपनगरातील अशाच एका सात मजली इमारतीत मी गेली नऊ वर्षे ज्येष्ठांची बुधवारची बैठक चालवतो. त्यामुळे सविस्तर लिहितो.

चौघेच आले म्हणून बाकीच्यांना रस नाही, असा निष्कर्ष कृपया काढू नका. वस्तीत असताना या मंडळींना ओटा होता. दाराबाहेर पाय टाकला की गल्ली लागायची, भाजी निवडताना समोरच्या घराशी बोलणे व्हायचे, आणि दुपारी कोणी दिसले नाही तर हाक मारून चौकशी व्हायची. इमारतीत पक्के घर मिळाले, स्वतःचे स्वच्छतागृह मिळाले, त्याचे मोल फार मोठे आहे. पण ओटा गेला आणि दार बंद राहू लागले. त्यातच आमच्याकडील घरे २२५ चौरस फुटांची आहेत. (योजनेतील नव्या घरांचे क्षेत्रफळ पुढे २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फूट झाले.) रात्रपाळी करून आलेला मुलगा दिवसा झोपला की आजीला बसायला जिना उरतो. म्हणजे ज्येष्ठ घरात बसून असतात असे आपल्याला दिसते, तेव्हा घरातही त्यांना हक्काची जागा असतेच असे नाही.

आम्हीही सुरुवातीला चुकलो. सकाळी नऊची वेळ ठेवली होती. त्या वेळी आज्या नातवंडांना शाळेत सोडतात, पाणी भरतात, सुनेचा डबा करून देतात. ज्येष्ठ स्त्रियांना रिकामा वेळ असतो हे आपले गृहीतक मुळातच चुकीचे आहे. आमच्याकडे त्यांना दुपारी तीन ते साडेचार एवढाच वेळ मिळतो. दुसरी अडचण लिफ्टची. ती बंद पडली की सहाव्या-सातव्या मजल्यावरचे गुडघेदुखीचे लोक आठवडाभर खाली उतरत नाहीत. म्हणून त्या आठवड्यात आम्ही बैठकच सहाव्या मजल्याच्या लॉबीत नेतो. तिसरी अडचण कोणी बोलून दाखवत नाही: आम्ही बसतो त्या कल्याण केंद्राच्या, म्हणजे रहिवाशांच्या सामूहिक उपक्रमांसाठी इमारतीत राखलेल्या, खोलीला स्वच्छतागृह नव्हते. मधुमेहाचा किंवा वारंवार लघवीला जावे लागण्याचा त्रास असलेला माणूस दीड तास खाली कसा बसेल? तळमजल्यावरच्या एका कुटुंबाने बुधवारी आपले स्वच्छतागृह वापरू देण्याचे मान्य केले, आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांत उपस्थिती दुप्पट झाली. आपल्या योगवर्गाला लोक का आले नाहीत, याचे उत्तर बहुधा अशाच एखाद्या साध्या गोष्टीत सापडेल. घरोघर जाऊन विचारा, आणि स्त्रियांना स्त्रियांकडूनच विचारा.

आता मुख्य मुद्दा. ज्येष्ठांना काय शिकवावे, असा विचार करण्याऐवजी त्यांना काय येते, हे आधी पाहावे. आम्ही गोधडीपासून सुरुवात केली. घरोघरच्या जुन्या सुती साड्या गोळा केल्या, धुऊन वाळवल्या, दोन टेबले जोडून त्यांवर थर अंथरले आणि चार बाजूंना चौघींना बसवले. त्या दिवशी फारसे काही घडेल असे मला वाटले नव्हते. जुन्नरकडच्या एका आजींनी साडीचा काठ दोन बोटांत धरून पाहिला, ‘हा आत घ्या, उसवेल’ असे सांगितले आणि कोणी काही म्हणायच्या आत धावदोऱ्याची पहिली ओळ घालायला घेतली. टाका सरळ, एकसारखा, हात न थरथरता. अडचण एकच होती: सुईत दोरा ओवताना दिसत नव्हते, आणि ते सांगायची लाज वाटत होती. पुढच्या बुधवारपासून पाचवीतल्या दोन मुली शाळेतून आल्या की वीसेक सुया ओवून उशीला टोचून ठेवू लागल्या. एवढ्याने तीन स्त्रिया वाढल्या, आणि त्या मुली आजही अधूनमधून येतात.

टाके घालता घालता ओव्या निघाल्या. गावी जात्यावर बसलेली ही अखेरची पिढी आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपल्या इमारतीतही त्या असतीलच, फक्त कोणी विचारलेले नसते. आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतो, पण प्रत्येकीची संमती घेऊनच, कारण सासुरवासाच्या कित्येक ओव्या तिच्या घरातल्या माणसांनी ऐकाव्यात असे तिला वाटतेच असे नाही.

पुरुषांना बैठकीत आणणे अधिक कठीण गेले. गोधडीपाशी ते येऊन उभे राहात आणि निघून जात. आमच्याकडे गिरणीत काम केलेले काही जण आहेत. १९८२ च्या संपानंतर वॉचमनची, हमालीची, मिळेल ती कामे करत ते या वस्तीत आले. त्यांच्यापैकी साचाखात्यातल्या, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागातल्या, एका काकांना मी तुटलेला धागा कसा जोडत असत, एवढेच विचारले. त्यांनी गोधडीचा दोरा घेतला, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये काहीतरी फिरवले आणि डोळ्याला दिसणारही नाही एवढी गाठ मारून तो माझ्या हातात दिला. चाळीस वर्षांत ती गाठ त्यांनी कोणाला दाखवली नव्हती. पुढचे दोन महिने साचे, धोटे, भोंगा, जॉबर आणि बदली कामगार यांच्याखेरीज दुसरा विषय निघाला नाही, आणि त्यातूनच पाऊण तासाचा एक कार्यक्रम उभा राहिला.

भजनाने सुरुवात करावी, असे अनेक जण सुचवतील. भजन मलाही प्रिय आहे. पण पुनर्वसन इमारतीत वारकरी, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती आणि दक्षिणेकडची कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. पहिल्याच दिवशी टाळ वाजले की निम्म्या घरांना वाटते, हे आपल्यासाठी नाही, आणि एकदा तसे वाटले की ते दूर व्हायला वर्षे लागतात. म्हणून पहिले सहा महिने सुई, स्वयंपाक आणि आठवणी एवढ्यावरच थांबा. ओळख झाल्यावर आमच्याकडे भजन झाले, भीमगीते झाली, कव्वालीही झाली, आणि सगळ्यांना सगळे बसून ऐकले.

याचा प्रकृतीवर खरोखर परिणाम होतो का, असे समितीतले लोक विचारतीलच. अमेरिकेत जीन कोहेन या मनोविकारतज्ज्ञांनी २००१ मध्ये वॉशिंग्टन, ब्रुकलिन आणि सॅन फ्रान्सिस्को येथे ६५ वर्षांवरील व्यक्तींचा अभ्यास सुरू केला. त्यातील वॉशिंग्टनच्या समूहगायन गटाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नियमित तालीम करणाऱ्या त्या गटात, तुलनेसाठी निवडलेल्या गटापेक्षा डॉक्टरांकडच्या फेऱ्या, औषधांचा वापर आणि पडण्याचे प्रसंग कमी आढळले. तिथे शिकवणारे व्यावसायिक होते आणि परिस्थिती वेगळी होती, त्यामुळे आपल्याकडेही अगदी तसेच होईल असे मी म्हणणार नाही. मात्र दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: उपक्रम दर आठवड्याला झाला पाहिजे, आणि तो लोकांसमोर सादर करण्याच्या दिशेने गेला पाहिजे. आम्ही १ ऑक्टोबर, म्हणजे आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन, हा सादरीकरणाचा दिवस ठरवला आहे. जुलैपासूनच मंडळी तालमीला वेळेआधी येऊन बसतात.

जागेबद्दल थोडे. पुनर्वसन इमारतीत सोसायटीचे कार्यालय, बालवाडी आणि कल्याण केंद्र यांची तरतूद नियमातच असते. प्रत्यक्षात कल्याण केंद्राला कुलूप असते किंवा आत जुने सामान भरलेले असते. आमच्या खोलीत रंगाचे डबे आणि मंडपाचे बांबू होते. भांडू नका. व्यवस्थापक समितीला लेखी अर्ज द्या, आठवड्यातून दोन तासच मागा, आणि ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर करून इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी परवानगी समिती बदलली की संपते. आमची एकदा संपली होती. किल्ली दोघांकडे ठेवा, आणि त्यांतील एक ज्येष्ठच असू द्या.

पैसा फारसा लागत नाही. चहा, दोरा आणि एक नोंदवही यांचा खर्च आमच्याकडे महिन्याला हजार रुपयांच्या आत बसतो, आणि डब्यात ज्याला जमेल तो टाकतो. हातवाल्या खुर्च्या मात्र घ्या, कारण बिनहाताच्या खुर्चीवरून उठताना माणसे पडतात. बाहेरून येणाऱ्या मदतीविषयी सावध राहा. आमच्याकडे एक संस्था तीन महिने आली, चित्रकलेचे साहित्य दिले, छायाचित्रे काढली आणि न सांगता यायची थांबली. पुढचे काही बुधवार लोक रंगाचे डबे समोर ठेवून वाट पाहात बसले. ते पाहणे मला फार जड गेले. कोणी आलेच, तर किती काळ येणार हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगायला लावा. बैठकीत सरकारी योजनांची माहिती जरूर द्या. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. ज्येष्ठ नागरिक संघ म्हणून नोंदणी करून फेस्कॉमशी, म्हणजे महाराष्ट्रातील अशा संघांच्या महासंघाशी, जोडून घेण्याची घाई नको. वर्षभर बैठक टिकली की ते आपोआप सुचेल.

एका गोष्टीची तयारी ठेवा. यातली माणसे जाणार आहेत. पहिल्या दोन वर्षांत आमचे चौघे गेले. जुन्नरकडच्या आजी गेल्या तेव्हा त्यांच्या बाजूचा कोपरा अर्धा शिवून झाला होता. पुढच्या बुधवारी बाकीच्या तिघींनी तो आपल्याकडे वळवून पुरा केला, आणि त्यांचे टाके जिथे संपले तिथून दोरा बदलून तांबडा घेतला. ती गोधडी त्यांच्या नातीकडे आहे.

सुया मोठ्या नेढ्याच्या घ्या, आणि त्या ओवून ठेवायला दोन मुलांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.