सेलिब्रिटींची पथ्यं आणि घरोघरचे वाद : वाचकांचे प्रश्न

माझ्या जाऊबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी केमो सांगितली आहे. पण घरच्या ग्रुपवर सिद्धूंचा व्हिडिओ फिरतोय : लिंबूपाणी, हळद, कडुलिंब, उपास, आणि बायको चौथ्या स्टेजमधून 40 दिवसांत बरी! भावजी म्हणतात, केमो दोन महिने पुढे ढकलून बघू. त्यांना काय सांगू? (एक वाचक, कराड)

केमो ढकलू नका. गाठ काढली तरी तिच्यातल्या काही पेशी आधीच अंगात इतरत्र गेलेल्या असू शकतात. त्या स्कॅनमध्ये दिसत नाहीत, केमो त्यांच्यासाठी असते. जखम भरली की साधारण चार ते सहा आठवड्यांत ती सुरू करतात. तीन महिन्यांच्या पुढे गेली तर फायदा घटतो. तेव्हा ऑपरेशनला किती दिवस झाले, हे भावजींसमोर कॅलेंडर धरून मोजा. 'दोन महिने' म्हणजे नेमकी कोणती तारीख, ते त्यांच्याच लक्षात येईल.

आता व्हिडिओचं. नवज्योतसिंग सिद्धूंनी हा दावा नोव्हेंबर 2024 मध्ये अमृतसरच्या पत्रकार परिषदेत केला. दोनच दिवसांत टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 कॅन्सरतज्ज्ञांचं संयुक्त पत्रक आलं : अशा पदार्थांनी कॅन्सर बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, त्यांच्या नादी लागून उपचार लांबवू नका. आणि मुख्य म्हणजे, सिद्धूंच्या पत्नीचं ऑपरेशनही झालं होतं आणि केमोही. आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि उपचारांच्या जोडीने होता, हा खुलासा पुढे सिद्धूंनीच केला. पण खुलासे फॉरवर्ड होत नाहीत. कुठल्याही नामांकित माणसाच्या 'मी बरा झालो' व्हिडिओला आधी एकच विचारायचं : त्याच काळात दवाखान्यात काय चालू होतं?

उपासाचं तर नावच काढू नका. केमो चालू असताना वजन घटलं, अशक्तपणा आला, तर डोस कमी करावा लागतो किंवा पुढची सायकल लांबते. या काळात वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन लागतं. जाऊबाई 55 किलोच्या असतील तर 55 ते 80 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 आणि वाटीभर घट्ट वरणात 6-7 ग्रॅम असतं. हिशेब करा, नुसत्या लिंबूपाण्यात तो बसायचा नाही. आमटी-भाजीतली हळद खुशाल खाऊ द्या. करक्युमिनच्या (हळदीतल्या मुख्य घटकाच्या) कॅप्सूल मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. काही औषधांच्या कामात त्या लुडबुड करू शकतात.

भावजींशी ग्रुपवर वाद घालू नका, तिथे कोणी माघार घेत नाही. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या आणि हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या : 'केमो घेतली तर आजार उलटण्याची शक्यता किती, आणि नाही घेतली तर किती?' गाठीचा आकार, ग्रेड, काखेतल्या गाठी आणि रिसेप्टरचा रिपोर्ट (गाठ हार्मोनवर वाढते का, हे सांगणारा) पाहून डॉक्टर दोन्हींचा अंदाज देऊ शकतात.

एका नटीचं बघून रोज उपाशीपोटी दुधीचा रस घेते. काल तो जरा कडू लागला. मैत्रीण म्हणाली, कडू तेच औषधी. पुढे घेऊ ना? (एक वाचक, नाशिक)

कडू असेल तर एक घोटही नाही. काकडी-दुधीच्या कुळात कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात, कडवटपणा त्यांचाच. त्यांनी पोटात मुरडा, जुलाब, उलट्या, कधी रक्ताच्या उलट्या होतात, बीपी झपाट्याने उतरतं. आपल्याकडे यात माणसं दगावली आहेत. विषावर उतारा नाही, सलाईन लावून बीपी सावरणं हाच उपचार. लेखिका-दिग्दर्शिका ताहिरा कश्यप (नट आयुष्मान खुराणाच्या पत्नी) यांना 2021 मध्ये अशाच रसामुळे आयसीयूत दाखल व्हावं लागलं आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगून लोकांना सावध केलं. नटनट्यांच्या गोटातून आलेला हा आरोग्यसल्ला मात्र शंभर टक्के खरा.

रस काढण्याआधी दुधीचा तुकडा कापून जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा, अख्खा दुधी फेकून द्या. आवळा, पुदिना, लिंबू असलं काही रसात मिसळू नका, कडवटपणा झाकला जातो आणि खरी फसगत तिथेच होते. प्यायल्यावर मळमळ सुरू झाली तर ओवा-सोडा करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीनेही हेच सांगितलं आहे. शिजवलेली भाजी कडू निघाली तर आपण पहिल्याच घासाला ताट सारतो. रस मात्र नाक दाबून संपवतो.

इन्फ्लुएन्सर सुचवतात त्या केसांच्या गमी तीन महिने खाल्ल्या. परवाच्या थायरॉइड तपासणीत टीएसएच एकदम कमी आणि टी-4 जास्त आला. मला काहीच त्रास नाही. गमींचा संबंध असेल का? (एक वाचक, ठाणे)

असू शकतो. बाटलीवर बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व) किती आहे ते पाहा. रोजची गरज 30-40 मायक्रोग्रॅम, आणि केसांच्या गोळ्यांत 5,000 ते 10,000 सर्रास असतं. बिघाड थायरॉइडमध्ये नव्हे, चाचणीत होतो. अनेक लॅबच्या किटमध्ये बायोटिनच चिकटवायचं काम करतं. रक्तात ते भरमसाट असलं की मोजणी चुकते : टीएसएच खोटा कमी, टी-4 खोटा जास्त, म्हणजे कागदावर हुबेहूब हायपरथायरॉइड (थायरॉइड गरजेपेक्षा जास्त चालणं). निदान दोन दिवस गमी बंद ठेवून पुन्हा रक्त द्या, डोस मोठा असेल तर किती दिवस ते लॅबला विचारा. त्याआधी थायरॉइडची गोळी सुरू करण्याची घाई नको, पण डॉक्टरांना गमींचं सांगा. हार्ट अटॅकची ट्रोपोनिन चाचणीही अशीच खोटी कमी येऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकतं. केसांबद्दल म्हणाल, तर बायोटिनची कमतरता नसताना ते खाऊन केस वाढल्याचा दमदार पुरावा नाही. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिन तपासा.

मॉडेल पूनम पांडेच्या त्या 'मृत्यू'पासून आमच्याकडे एचपीव्ही लशीचं नाव काढलं की 'कंपन्यांचा स्टंट' म्हणतात. मुलगी 12 वर्षांची आहे. लशीमुळे पुढे मूल होत नाही हे खरं का? (एक वाचक, पुणे)

फेब्रुवारी 2024 चा तो प्रकार हीनच होता : एका दिवशी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने निधनाची बातमी, दुसऱ्या दिवशी 'मी जिवंत आहे, जागृतीसाठी केलं'. पण बाईंनी खोटं सांगितलं म्हणून आजार खोटा होत नाही. जवळजवळ सगळे गर्भाशयमुखाचे कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळेच होतात. वंध्यत्वाच्या दाव्याला आधार नाही. लशीत जिवंत विषाणू नसतो, नुसतं त्याच्या प्रथिनाचं रिकामं कवच असतं. गर्भाशय काढावं लागतं ते कॅन्सरपायी.

तुमच्याच गावच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही एचपीव्ही लस 2023 मध्ये बाजारात आली. ती 6, 11, 16 आणि 18 या प्रकारांवर चालते. त्यातले 16 आणि 18 हे कॅन्सरचे मुख्य कारक. 9 ते 14 वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरा पूर्ण झाल्यावर तीन. एका डोसवरही भागतं असं जागतिक आरोग्य संघटना 2022 पासून म्हणते, त्यामुळे सरकारी मोहिमेत आणि खासगी दवाखान्यात वेगवेगळं सांगितलं तर गोंधळू नका. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकत नाही, आणि ती तुम्हालाही लागू आहे. इंजेक्शनच्या दिवशी मुलीला काहीतरी खायला घालून न्या, टोचल्यावर 15 मिनिटं बसवून ठेवा. या वयात सुईच्या धास्तीने भोवळ येते, आणि मग तिचंही खापर लशीवर फुटतं.