बाहुलीचे ओठ आणि आजीचा आवाज

प्रश्न : आमच्या मुलीने घरी मातीच्या बाहुल्यांचा दोन मिनिटांचा स्टॉप-मोशन चित्रपट (बाहुली थोडी थोडी हलवून टिपलेली छायाचित्रे सलग दाखवणारा) केला आहे. आजीचा आवाज आधी मुद्रित करून, सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने प्रत्येक छायाचित्र दोन फ्रेम ठेवले. सुरुवातीला ओठ जुळतात. शेवटी मात्र बाहुली गप्प बसली तरी आजीचे बोलणे चालूच राहते. शिवाय सुरुवातीचेही काही शब्द खोटे वाटतात. काय चुकले असेल?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आवाज आधी मुद्रित करून मग बाहुली हलवली, हे मुलीने अगदी योग्य केले. फरक हळूहळू वाढत जातो, त्या अर्थी संगणकावर संपादनाचा प्रकल्प बहुधा सेकंदाला २५ फ्रेमवर उघडला गेला असावा. आपल्याकडे दूरचित्रवाणीसाठी तोच वेग रूढ आहे. २४ च्या हिशेबाने टिपलेल्या एका मिनिटाच्या १४४० फ्रेम २५ च्या वेगाने ५७.६ सेकंदांतच संपतात, म्हणजे दोन मिनिटांत चित्र जवळजवळ पाच सेकंद पुढे निघून जाते. आवाजाचा वेग वाढवून हे मुळीच झाकू नये, कारण त्यात आजीच्या बोलण्याची लय हरवते. प्रकल्प २४ वर नव्याने उघडून छायाचित्रे त्याच वेगाने लावावीत. पुन्हा चित्रण करावे लागणार नाही.

शब्द खोटे वाटण्याचे कारण वेगळे आहे आणि त्याचे उत्तर शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत आहे. प्रत्येक अक्षरासाठी नवे तोंड घडवण्याची गरज नसते. प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांना ओठ मिटलेच पाहिजेत, कारण प्रेक्षकाची नजर नेमकी तेथेच चूक पकडते. ‘बाबा, थांबा’ हे शब्द आरशासमोर म्हणून पाहावेत. ओठ तीनदा मिटतात, आणि ‘थांबा’मध्ये ते ‘ब’च्या आधी, अनुस्वारालाच मिटतात, कारण तेथे त्याचा उच्चार ‘म’ होतो. ‘थंडी’मध्ये मात्र तो ‘ण’ होत असल्याने ओठ उघडेच राहतात. मुलीने लिहिलेला अनुस्वार पाहून दोन्हीकडे एकच तोंड लावले असेल, तर फसगत तेथेच झाली आहे.

यापुढे चित्रणापूर्वी ध्वनीची लहर संगणकावर पाहत, मिटलेल्या ओठांची प्रत्येक जागा फ्रेमच्या क्रमांकासह कागदावर लिहून ठेवावी आणि तेथे किमान एक पूर्ण छायाचित्र, म्हणजे दोन फ्रेम, द्यावे. तयार चित्रपटात प्रकल्प सुधारल्यावरही ओठ किंचित मागे पडल्यासारखे वाटले, तर संपूर्ण आवाज एक-दोन फ्रेम उशिरा सरकवून पाहावा. बोलताना ओठ ध्वनीच्या आधी आकार घेतात, त्यामुळे चित्र किंचित पुढे असलेले डोळ्यांना खटकत नाही.