बात्सेविच ऐकायला घेताय? आधी हे करा

पोलिश संगीतकार ग्राझिना बात्सेविच नव्यानं ऐकणार असाल तर थेट साठच्या दशकातल्या रचनांना हात घालू नका, दमछाक होईल. 1948 च्या 'कंचर्टो फॉर स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा'पासून सुरुवात करा. जेमतेम पंधरा मिनिटांची रचना, नुसती तंतुवाद्यं, पण पहिल्याच फटक्यात गज तारांवर असा घासत येतो की सरसावून बसावं लागतं. हेडफोन लावा आणि खालच्या स्वरातले चेलो (व्हायोलिनचे थोरले, खर्जातले भाऊ) काय करतात तिकडे लक्ष ठेवा. मी ते फार उशिरा ऐकलं.

बाई स्वतः पट्टीच्या व्हायोलिनवादक. 1909 मध्ये वूच शहरात जन्म, वॉर्सॉत शिक्षण, मग पॅरिसला नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांजेंकडे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या वॉर्सॉत त्या गुप्त मैफलींत वाजवत. पुढे संगीत महाविद्यालयात शिकवलंही.

नंतर त्यांचं चौथं स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांसाठीची रचना) घ्या. 1951 मध्ये बेल्जियममधल्या लिएजच्या स्पर्धेत त्याला पहिलं पारितोषिक मिळालं. संथ सुरुवातीनंतर लोकगीतासारखी धून येते, आणि शेवटचा भाग अक्षरशः नाचत सुटतो. तुम्ही व्हायोलिन शिकत असाल तर स्वरलिपी समोर ठेवूनच ऐका. वादकाच्या हातांना काय जमतं हे त्यांना आतून ठाऊक होतं, ते पानोपानी दिसेल.