बाळंतपणानंतर बायको उदास, बाळाचं वजन वाढेना. गावपातळीवर सरकारी मदत कुठे आणि कशी मिळते?

तुम्ही दिलेली माहिती अशी: मुलगी दहा आठवड्यांची, जन्माचं वजन २.६ किलो, आत्ताचं ३.४. बायको माहेरी आहे, महिनाभर रडते, मुलगी झोपली तरी तिला झोप लागत नाही, जवळ घ्यायला नको म्हणते. आशाताई म्हणतात ‘बाळंतिणीला होतं असं’, सासूबाई म्हणतात ‘बाहेरचं बघून घ्या’, आणि तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही.

आधी मुलीचं बघू, कारण तिथे वेळ कमी आहे. जन्मानंतर बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत परत जन्माइतकं होतं. पुढे पहिले तीन महिने रोज २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. म्हणजे उरलेल्या आठ आठवड्यांत किमान ११०० ग्रॅम वाढायला हवे होते, वाढलेत ८००. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात हे वजन सर्वांत खालच्या, तीव्र कमी वजनाच्या पट्ट्यात जातं. पुढच्या लसीकरणाची वाट न बघता एक-दोन दिवसांत ग्रामीण रुग्णालयात दाखवा. अंगणवाडीत कुपोषण मोजायला दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी सहा महिन्यांखालच्या बाळाला लावत नाहीत, आणि गावातलं ग्राम बाल विकास केंद्र, ज्याला सगळे व्हीसीडीसी म्हणतात, तेही सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी असतं. त्यामुळे ‘व्हीसीडीसी सुरू झालं की नाव घालू’ असं कुणी म्हणालं तर थांबू नका. या वयाच्या बाळासाठी रुग्णालय आणि गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्र, एनआरसी, हाच रस्ता.

वजन न वाढण्याचं कारण दर वेळी आईच असतं असंही नाही. जन्मजात हृदयदोष, टाळूची फट, लघवीचा संसर्ग हे डॉक्टरांनी तपासून बाजूला काढलं पाहिजे. दूध पिताना घाम येतो का, दम लागून मध्येच थांबते का, दिवसात सहा तरी लंगोट ओले होतात का, हे बघून जा. ही तीन उत्तरं तयार असली की तपासणी पटकन मुद्द्यावर येते.

आता आई. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून येणारं रडू बहुतेक बायकांना येतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. आशाताईंचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. दहाव्या आठवड्यात, महिनाभर टिकलेलं, आणि बाळ झोपलेलं असतानाही झोप न येणं ही गोष्ट वेगळी. हे नैराश्य असण्याची शक्यता बरीच आहे. गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के जणींना नैराश्य आढळलं होतं. त्याच बायकांच्या बाळांकडे नंतर पाहिलं तेव्हा आईचं नैराश्य आणि सहाव्या महिन्यात बाळाचं कमी वजन यांचाही संबंध दिसला. म्हणून तुमच्या घरातल्या या दोन तक्रारी एकाच ओळीत सांगा.

अडचण इथेच येते. बाळाचं वजन अंगणवाडीच्या नोंदीत, म्हणजे महिला व बालविकास खात्याकडे. आईचं मन आरोग्य खात्याकडे, आणि तिथेही ते बाळंतपणाच्या कार्डावर नाही, जिल्हा रुग्णालयाच्या वेगळ्या ओपीडीत. दोन्ही कागद एका टेबलावर आपोआप येत नाहीत. आणायचे तुम्हालाच.

तुमचा काळही नेमका पोकळ आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर आशाताईंच्या घरभेटी सहा असतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. नंतरची भेट थेट तिसऱ्या महिन्यात, मग ६, ९, १२ आणि १५व्या. सहा आठवडे ते तीन महिने या मधल्या पट्ट्यात ठरलेली भेट नाही, आणि नैराश्य बऱ्याचदा याच सुमारास घट्ट बसतं. मात्र दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी याच काळात येतात. लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविका, आशाताई आणि अंगणवाडी सेविका तिघी एका जागी असतात. दहाव्या आठवड्याची लस राहिली असेल तर त्याच दिवशी आई आणि मुलगी दोघींना घेऊन जा.

तिथे ‘ती विचित्र वागते’ असं सांगू नका. त्यावर धीर मिळतो, चिठ्ठी मिळत नाही. सांगायचं असं: इतक्या दिवसांपासून रडते, रात्री इतके तास झोपते, जेवण किती उतरलंय, मुलीला कितीदा पाजते, मरणाचं बोलली का. आणि मागायचं काय तेही स्पष्ट: उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सेवेवर, डॉक्टरांचा सल्ला, आणि जिल्हा रुग्णालयासाठी संदर्भ चिठ्ठी.

काही ठिकाणी दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली भरून घेतात. मागच्या सात दिवसांबद्दलचे प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. तेरा किंवा जास्त आले तर नैराश्याची शक्यता मोठी. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टर. ही प्रश्नावली फसते ती ओसरीवर, आई-मावशी-शेजारीण बसलेल्या असताना मोठ्याने विचारल्यावर. सगळी उत्तरं ‘बरं आहे’ येतात. बाईला एकटीला आत बसवून विचारायला सांगा, आणि तुम्हीही बाहेर थांबा. मुलगी झाली म्हणून कुणी टोचून बोलतंय का, घरात हात उचलला जातो का, हे तुमच्यासमोर निघणार नाही. तसं काही असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे.

आज रात्रीच करता येण्यासारखं म्हणजे टेलि-मानस, क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेली ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा आहे, चोवीस तास, मराठीत. नातेवाईकाने फोन केला तरी चालतो. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडतात. फोन करताना बाळंतपणाची तारीख, सिझर की नॉर्मल, बाळ अंगावर पितं की नाही, चालू गोळ्या, आधी कधी असा त्रास झाला होता का, आणि जवळचं रुग्णालय एवढं लिहून ठेवा. ‘माझी बायको दहा आठवड्यांची बाळंतीण आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर पाच मिनिटं ताणतणावावरचा सर्वसाधारण सल्ला ऐकण्यात जातात.

तालुक्याला तज्ज्ञ नसले तरी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयात असतं, आणि ते ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांतही येतं. मंजूर पदं मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका अशी. यातली रिकामी असू शकतात आणि तारखाही सरकतात. म्हणून निघण्याआधी रुग्णालयात फोन करून विचारा. सिव्हिलला नेणार असाल तर बाळाची आणि आईची अशी दोन केसपेपरची कामं एकाच सकाळी करा.

डॉक्टरांना हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच चाचणी करायला सांगा. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतं तेव्हा थकवा आणि उदासी अगदी अशीच दिसते. गोळ्या दिल्या तर ‘दूध तोडावं लागेल’ ही भीती घरात लगेच उठते. स्तनपान करणाऱ्या आईला सर्ट्रालिनसारखं औषध देतात ते दुधात फार कमी उतरतं म्हणूनच. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवावं लागतं. बहुतेकांचं इथेच चुकतं: पंधरा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद, किंवा दोन महिन्यांत ‘आता बरी आहे’ म्हणून बंद. मेडिकलमधून झोपेची गोळी मात्र परस्पर आणू नका. तिने आई गुंगते, बाळही सुस्तावू शकतं, आणि आधीच कमी पिणारं बाळ आणखी कमी पितं.

‘बाहेरचं’ म्हणतात त्याबद्दल एकच. दोन-तीन रात्री अजिबात झोप नाही तरी अंगात जोर, असंबद्ध बोलणं, कानात आवाज, हे बाळ माझं नाहीच असं म्हणणं, त्याच्यात काहीतरी शिरलंय असा संशय, ही सगळी प्रसूतीनंतरच्या मनोविकृतीची लक्षणं आहेत. ती तातडीची अवस्था आहे. १०८ बोलवा आणि जिल्हा रुग्णालय गाठा. तोवर बाळ आणि ती दोघीच खोलीत राहू नयेत. तीव्र डोकेदुखी, झटका किंवा ताप असेल तर मेंदूतल्या शिरेत गुठळी किंवा जंतुसंसर्गही असू शकतो, तेही तिथेच कळेल. उतारा-अंगारा करणाऱ्यांशी वाद घालत बसू नका; ‘आधी दवाखाना, मग तुमचं’ एवढं ठरवून घेतलं की बहुतेक घरं ऐकतात. तिने जिवाचं काही करून घ्यायचा प्रयत्न केला तर घरच्यांना पोलीस केसचीही भीती असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायचं असतं, त्यामुळे त्या भीतीने उपचार लांबवू नका. त्याच कायद्यात असंही आहे की आईला मनोरुग्णालयात दाखल केलं तर तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही.

एनआरसीत दाखल व्हायला सांगितलं तर साधारण चौदा दिवसांचा मुक्काम असतो, आणि आईला बुडीत मजुरी मिळते. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी तिथला खरा भर आईचं दूध परत आणण्यावर असतो: स्तनाजवळ बारीक नळी लावतात, तिचं दुसरं टोक दुधाच्या कपात, म्हणजे बाळ चोखत राहतं, पोटही भरतं आणि त्या चोखण्यानेच दूध उतरायला लागतं. डब्याचं दूध घरी सुरू केलं की हे सगळं अवघड होतं, शिवाय महाग म्हणून पातळ करून पाजलं जातं आणि बाटलीतून जुलाब येतात. पण उदास बाईला रात्रभर दिवे चालू असलेल्या वॉर्डात एकटीने दोन आठवडे राहायला लावणं हे मला धोक्याचं वाटतं. सोबत दुसरी बाई हवीच. ती कोण, हे दाखल होण्याआधी ठरवा.

घरी तुमचं काम झोपेचं. तिला सलग चार-पाच तास झोप मिळाली पाहिजे, आणि ती मिळते एखादं पाजणं दुसऱ्याने सांभाळल्यावर. हाताने काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात साधारण चार तास टिकतं, उन्हाळ्यात त्याहून कमी, वाटी-चमच्याने पाजा. दर आठवड्याला वजन एकाच काट्यावर, कपडे काढून. दोन वेगळ्या काट्यांवर शे-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि सगळे उगीच खूश किंवा घाबरे होतात.

माहेरच्या गावात तिचं नाव नसेल तर तिथल्या अंगणवाडीत नोंदवून घ्या. स्तनदा मातेचा घरपोच आहार बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत मिळतो. सासरी एक नाव आणि माहेरी एक मुक्काम, यात दोन्हीकडच्या सेविका समजतात की दुसरी बघत असेल. मातृवंदना योजनेचा अर्ज राहिला असेल तर बाळंतपणापासून २७० दिवसांची मुदत आहे: पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५००० रुपये, दुसरं अपत्य मुलगी असेल तर एकदम ६०००. पैसे तिच्याच आधार जोडलेल्या खात्यात येतात. पहिल्या बाळाचा दुसरा हप्ता चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्याशिवाय निघत नाही.

सासरी आणायची घाई करू नका. आणाल तेव्हा माता-बाल कार्ड, वजनाच्या नोंदी, मानसोपचाराचा केसपेपर आणि महिनाभराच्या गोळ्या बरोबर घ्या, आणि पोहोचल्यावर तिकडच्या आशाताईंना व अंगणवाडी सेविकेला घरी बोलावून दोघींना एकाच वेळी सगळं सांगा.