रेडियमचं जुनं घड्याळ अस्सल आहे की नाही, हे न उघडता कसं ओळखावं?

इंदूरला राजवाड्याजवळच्या दुकानात तुम्हाला वेस्ट एंड कंपनीचं 'सोवार प्रायमा' हे मनगटी घड्याळ दाखवलं, १९५० च्या आसपासचं. 'रेडियम ओरिजिनल आहे, अंधारात बघा अजून कसं चमकतंय', असं दुकानदार म्हणतो आणि ते खरं का, असा तुमचा प्रश्न आहे. त्यानं पुरावा म्हणून दिलेली चमक हीच शंकेची जागा आहे.

रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ, १६०० वर्षं, म्हणून किरणोत्सर्ग आजही जवळपास तितकाच. पण चमकतं ते काट्या-आकड्यांवरच्या लेपात रेडियमबरोबर मिसळलेलं झिंक सल्फाइड, आणि सततच्या माऱ्यानं ते काही दशकांत निकामी होतं. मूळ लेप आता अंधारात जवळजवळ मेलेलाच असायला हवा.

३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च अंधाऱ्या कोपऱ्यात दहा सेकंद डायलवर धरा आणि विझवा. मूळ लेपाची चमक लगेच मावळते. मिनिटभरानंतरही तो उजळ दिसत असेल तर लेप नवा, बहुधा १९९० नंतरच्या ल्युमिनोव्हाच्या, म्हणजे प्रकाश साठवून चमकणाऱ्या आणि किरणोत्सर्ग नसलेल्या जातीचा. काटे एक वागतात आणि आकडे दुसरंच, असं दिसलं तर त्यातलं एक नंतरचं.

मग गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र. आधी घड्याळ लांब ठेवून पाच मिनिटं तिथलं नेहमीचं रीडिंग घ्या. नंतर काचेला टेकवा, मग मागच्या झाकणाला. रेडियम असेल तर काचेजवळ आकडा कितीतरी पट चढतो आणि गॅमा किरण पोलादातून पार होत असल्यानं मागूनही वाढ दिसते. १९६० च्या दशकापासून रेडियमच्या जागी आलेल्या ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचे बीटा किरण इतके क्षीण की काचच अडवते. तिथे काउंटर गप्प राहतो आणि डायलवर सहाच्या खाली बहुधा 'टी' अक्षर असतं. १९५० चं म्हणवणारं, लेप असलेलं घड्याळ गप्प राहिलं, तर तो लेप मूळचा नाही.

बहुतेक लोक फसतात ते याच्या पुढे. काउंटर वाजला म्हणजे डायल अस्सल ठरत नाही! लेप खरवडला तरी कण मागे राहतात. डायल नव्यानं रंगवलेलं आणि काटे जुने, असं असलं तरी तो वाजणारच. म्हणून दहापट भिंगातून बघा. जुना लेप मोहरी-तपकिरी, रवाळ, बारीक तडे गेलेला असतो. नव्यानं रंगवलेल्या डायलवर अक्षरांच्या कडा जाड, मिनिटांच्या रेघा असमान दिसतात. घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेलं असेल तर काट्यांखाली त्यांच्याच आकाराचा तपकिरी जळका डाग उमटतो. किल्ली ओढून काटे सरकवा आणि डागाची लांबी-रुंदी काट्यांशी ताडून पाहा. जुळली नाही तर काटे बदललेले. डाग नसणं मात्र खोटेपणाचा पुरावा नाही, कारण चालत्या घड्याळात काटे एका जागी थांबतच नाहीत.

झाकण किंवा काच स्वतः उघडू नका. लेप भुसभुशीत असतो, त्याची धूळ श्वासातून आत गेली तर अल्फा कण शरीरातच मारा करत राहतात. दुरुस्तीला देताना घड्याळजींना रेडियमबद्दल आधीच सांगा. फुंकर मारणं, लेप खरवडणं अजिबात नको. अशी घड्याळं बरीच जमली तर झोपायच्या खोलीतल्या बंद कपाटात ठेवू नका, रेडियममधून रेडॉन वायू सुटत राहतो.