यंत्रमागाची नोंद आणि उपकरण घडवण्याचा मदरबोर्ड

प्रश्न : आमच्याकडे आठ यंत्रमाग आहेत. कोणता माग किती वेळ बंद राहिला, याची नोंद ठेवणारे उपकरण मला तयार करायचे आहे. रास्पबेरी पाय ४ हा छोट्या संगणकाचा नेहमीचा बोर्ड घ्यावा, की कॉम्प्यूट मॉड्यूल ४ आणि त्याचा आयओ बोर्ड?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : केवळ आपल्या कारखान्यापुरते एकच उपकरण करायचे असेल, तर नेहमीचा बोर्ड पुरेसा आहे. तेच उपकरण पुढे इतरांनाही करून द्यायचा विचार असेल, तर मात्र कॉम्प्यूट मॉड्यूल आणि आयओ बोर्डाचा मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०२० मध्ये आलेल्या या मॉड्यूलचा आकार जेमतेम ५५ × ४० मिलिमीटर आहे. त्यावर प्रोसेसर आणि रॅम असते, पण यूएसबी, एचडीएमआय किंवा नेटवर्कचे सॉकेट नसते; या साऱ्या जोडण्या खालच्या बाजूच्या १०० पिनांच्या दोन कनेक्टरांतून बाहेर येतात. आयओ बोर्ड हा त्यांच्यासाठीचा मदरबोर्ड. गिगाबिट इथरनेट, पीसीआय एक्सप्रेस स्लॉट (जादा कार्ड बसवण्याची खाच), कॅमेऱ्याचे कनेक्टर, ४० पिनांची जीपीआयओ पट्टी (सेन्सर वगैरे जोडण्याच्या पिना) असे सर्व काही त्यावर हाताशी असते. बॅटरीवर चालणारे घड्याळही आहे, जे पाय ४ वर नाही. वीज गेल्यावर वेळच चुकली, तर आपल्या नोंदींना अर्थ उरणार नाही, म्हणून मला ही सोय सर्वांत मोलाची वाटते.

मॉड्यूल घेताना ईएमएमसी ही साठवणीची मेमरी असलेले घ्यावे, कारण मागांच्या हादऱ्यांत खाचेतल्या मेमरी कार्डापेक्षा बोर्डावर डाखलेली मेमरी अधिक भरवशाची. अशा मॉड्यूलसोबत आयओ बोर्डावरील मायक्रोएसडीची खाच चालत नाही, हे आधीच ध्यानात ठेवावे. यूएसबी पोर्टही सुरुवातीला बंद असतात. सेटिंग्जच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून ते सुरू करावे लागतात, त्यामुळे बोर्ड बिघडल्याचा समज करून घेऊ नये.

सर्वांत जपायचे ते जीपीआयओच्या पिनांना. त्या ३.३ व्होल्टच्या आहेत आणि कारखान्यातील प्रॉक्झिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आल्याचे ओळखणारे) बहुधा २४ व्होल्टवर चालतात. मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशाद्वारे संकेत पुढे देऊन दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारा भाग) न घालता तार जोडली, तर मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते.

आधी एकाच मागावर चाचणी घ्यावी आणि कोणत्या जोडण्या खरोखर वापरात आल्या, ते टिपून ठेवावे. आयओ बोर्डाचा किकॅड (सर्किट बोर्ड आखण्याचे सॉफ्टवेअर) आराखडा खुला असल्याने त्यातील अनावश्यक भाग वगळून आपला लहान बोर्ड बनवता येईल आणि तेच मॉड्यूल त्यावर बसवता येईल.