लेण्यातला अंधार, दारातला उजेड

प्रश्न : कार्ल्याच्या चैत्यगृहातून दाराकडे फोटो काढला की खांब काळे पडतात, नाहीतर बाहेरचं सगळं पांढरं होतं. कॅमेऱ्यातलं एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो आपोआप जोडणारी सोय) वापरू का?

उत्तर : घाईत असाल तर खुशाल. पण बरेच कॅमेरे जोडलेला फोटो जेपेगमध्येच (आकसलेल्या फाइलमध्ये) देतात. मग सावलीतला तपशील उकरायला फारसा वाव उरत नाही. त्यापेक्षा ब्रॅकेटिंग बरं : एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो काढायचे आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल), ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), छिद्र एफ/८, ३ फ्रेम : −२, ०, +२ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेऱ्याने ठरवणं) बंद, फोकस मॅन्युअल. सर्वांत काळ्या फ्रेमचा हिस्टोग्रामही (उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटला, म्हणजे बाहेरचं अजून पांढरंच पडलं, तर ५ फ्रेम घ्या. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती नसेल तर आयएसओ वाढवून बर्स्टमध्ये (एकामागोमाग झटपट) हातानेच काढा. मधून माणसं गेली तर जोडताना भुतं (अर्धवट, पुसट आकृत्या) उमटतात. ती काढायला सॉफ्टवेअरमधलं डीघोस्ट लावा.